चौथ्या पेटीतलं लाटणं

श्रीधरदा गेल्याचं मला कळलं ते एका लाटण्याच्या चौकशीतून. कलकत्त्याहून सुमतीवहिनींचं आंतर्देशीय पत्र आलं. मागच्या पट्टीवर, आत जागा पुरली नाही म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ होती : ‘त्यांचं लाटणं तुझ्याकडेच आहे ना?’ मी तीच ओळ आधी वाचली आणि चिडले. त्यांचं म्हणे! ते लाटणं माझं आहे. माझ्या लग्नाच्या वेळी नागपूरच्या आमच्या सुताराने सागाच्या एका तुकड्यातून काढून दिलेलं. तणतणत पत्र फोडलं आणि आतला मजकूर वाचला. श्रीधरदा तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. सकाळचा चहा घेऊन अंगणात गाडीपाशी गेले, स्टुलावर बसले, आणि वहिनी कप आणायला गेल्या तेव्हा चहा तसाच होता...

मला कामांची यादी केल्याशिवाय काही सुचत नाही. त्या दुपारीही मी कागद घेतला. एक, सुमतीवहिनींना पत्र. दोन, कलकत्ता सोडून गावोगाव पांगलेल्या आमच्या ओळखीच्या मंडळींना कळवणे. तीन, लाटणं. पहिली दोन कामं त्याच आठवड्यात झाली. तिसऱ्यापुढे महिना झाला तरी खूण झाली नाही. माझ्या याद्यांमध्ये असं सहसा होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही कलकत्त्याला गेलो ते अडुसष्ट साली, यांची बँकेतून बदली झाली तेव्हा. हावड्याला उतरलो तर फलाटावर एक उंच, किरकोळ, पन्नाशीचे गृहस्थ आमचं नाव लिहिलेली पाटी उलटी धरून उभे होते. ‘या या, सामान किती? आठ? बसेल,’ असं म्हणून त्यांनी आम्हाला बाहेर एका पिकअप गाडीपाशी नेलं. ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ आमची चेष्टा करताहेत. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, एका दाराला कडीच्या जागी सुतळी. ती चालू झाली आणि सगळं स्टेशन वळून पाहू लागलं. मूळचं इंजिन केव्हाच गेलं होतं. श्रीधरदा खिदिरपूरच्या गोदीत इंजिनं तपासायच्या कामावर होते, आणि तिथल्या लिलावात त्यांनी एका मोडीत निघालेल्या मोटरलाँचचं डिझेल इंजिन घेऊन या गाडीत बसवलं होतं. ती गल्लीत शिरली की शेजारचे बंगाली लोक म्हणायचे, श्रीधरदांचं जहाज धक्क्याला लागलं.

त्यांचे आजोबा कधीतरी कोकणातून कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. श्रीधरदांचा जन्म भवानीपूरचा. म्हणून तर आम्ही सगळे मराठी लोकसुद्धा त्यांना बंगाल्यांसारखं ‘दा’ म्हणायचो. घराचा वरचा मजला ते भाड्याने देत, तोही बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबालाच. नवं कुटुंब आलं की हावड्याहून आणायचं, बदली झाली की हावड्याला सोडायचं, हे त्या गाडीचं मुख्य काम. आम्ही येत-जात होतो, ते तिथेच होते. पण या गोष्टीचा त्यांच्या मनावर काही परिणाम होत असेल, हे मला तेव्हा सुचलंही नाही. माझं लक्ष अंगणाकडे होतं, कारण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या गाडीवर उघडत होती.

दर रविवारी गाडी उघडायची हा नियम. बिघडली असो वा नसो. ‘चांगली चालली आहे तर कशाला हात लावता?’ मी वरून विचारायची. ‘चांगली चालली आहे ती का चालली आहे, ते पाहायला नको?’ ते खालून ओरडायचे. काढलेले नटबोल्ट ठेवायला भांडी लागत, आणि ती भांडी माझी असत, कारण सुमतीवहिनींनी आपल्या कपाटाला कुलूप घातलं होतं. त्या शहाण्या होत्या. माझ्या वाट्या गेल्या, चाळणी गेली. एकदा श्रीखंडासाठी चक्का बांधायचं फडकं दोरीवरून नाहीसं झालं आणि डिझेल गाळताना सापडलं. ‘मलमलीइतकं छान काही गाळत नाही, यादीबाई,’ असं वर मलाच समजावलं. यादीबाई हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. मी चिडून सात नियमांचा एक कागद अंगणाच्या दाराला डकवला. भांडी नेऊ नयेत, दुपारी दोन ते चार ठोकाठोक करू नये, तेलाच्या हातांनी जिन्याच्या कठड्याला धरू नये, वगैरे. संध्याकाळी पाहिलं तर कागदाच्या तळाशी काळ्या तेलाचा अंगठा उमटवलेला. मंजूर, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर एकही नियम पाळला गेला नाही.

लाटण्याची गोष्ट तर सगळ्यांवर ताण. गोदीतल्या इंजिनांच्या खोल्यांत तीस वर्षं काढून श्रीधरदांचा उजवा कान जवळजवळ गेला होता आणि डावाही अर्धाच उरला होता. तरी गाडीचं दुखणं ते ऐकूनच ओळखत. एक लाकडी दांडा घ्यायचा, त्याचं एक टोक चालू इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवायचं आणि दुसरं टोक कानामागच्या हाडावर. आवाज हाडातून डोक्यात जातो, कानाची गरज नाही, असं ते सांगत. या कामासाठी त्यांना सबंध कलकत्त्यात पसंत पडलेला दांडा म्हणजे माझं लाटणं. ‘वहिनींचं का नेत नाही?’ मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सुमतीवहिनींचं लाटणं तिकडच्या पद्धतीचं, मधे फुगीर, दोन्ही टोकांना बारीक मुठी. ‘त्यात आवाज अडतो हो. तुमचं एकसंध आहे.’ झालं. तेव्हापासून रविवारी पोळ्या झाल्या की खालून हाक यायची, ‘यादीबाई, लाटणं!’ मी ते दोरीला बांधून खिडकीतून सोडायची, परत ओढून घेतलं की साबणाने, मग चिंचेने, मग राखेने घासायची. तरी त्याच्या एका टोकाला डिझेलचा वास धरला तो धरलाच. हे म्हणायचे, पोळीला हल्ली एक वेगळी चव असते.

वर्षात दोनच दिवस असे होते की गाडीला किंवा हत्यारांना ते बोटसुद्धा लावत नसत. एक आपला दसऱ्याचा. दुसरा, सप्टेंबरातल्या विश्वकर्मा पूजेचा. त्या दिवशी कलकत्त्यातले सगळे कारखाने आणि गॅरेजं बंद असतात, लोक हत्यारं देवापुढे मांडतात आणि गच्चीवर जाऊन पतंग उडवतात. बंगाली माणूस दसऱ्याला पाना चालवील, मराठी माणूस विश्वकर्मा पूजेला चालवील, पण श्रीधरदा दोन्हीकडचे. ते देव्हाऱ्यासमोर पाट मांडून त्यावर हातोडी, पाने, पकडी ओळीने लावत, प्रत्येकाला शेंदराचं बोट लावत. आणि त्या ओळीत माझं लाटणं! ‘तेही हत्यारच,’ असं म्हणून दर वर्षी ते सकाळी मागून नेत आणि दुसऱ्या दिवशी शेंदरासकट परत आणून देत. म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे भात.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते, जो मला सोयीने विसरायचा होता.

आम्ही सहा वर्षं कलकत्त्यात काढली. मग यांची नागपूरला बदली झाली. सामान बांधायला घेतलं आणि भावाची तार आली की वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय. मागून पत्र आलं : उजवी बाजू गेली आहे, बोलता येतं पण दिवसागणिक कमी होतंय, डॉक्टर म्हणतात किती दिवस ते सांगता येत नाही, तू लवकर ये. माझे वडील शाळामास्तर. सगळं आयुष्य बोलण्यात गेलेला माणूस. मला ते बोलत असताना तिथे पोचायचं होतं, बाकी काही नको होतं. मिळाली त्या पहिल्या गाडीची तिकिटं काढली. तारीख आली नेमकी विश्वकर्मा पूजेची.

‘मी सोडतो,’ श्रीधरदा म्हणाले. ‘पण त्या दिवशी उघडता येणार नाही, म्हणून आदल्या दिवशीच सगळं पाहून ठेवतो.’ आदल्या संध्याकाळी त्यांनी अंगणात गाडी चालू केली आणि खालून हाक आली, ‘यादीबाई, लाटणं!’

लाटणं चौथ्या पेटीत गेलं होतं. चौथी पेटी स्वयंपाकघराची. ती बंद करून, सुंभाने आवळून, यादीवर खूण करून मला तासही झाला नव्हता. खाली जाऊन मी सांगितलं, पेटी बांधून झाली.

‘पाच मिनिटांचं काम आहे हो. मी सोडतो सुंभ, मीच बांधून देतो.’

‘नाही. एक पेटी उघडली की चारही उघडाव्या लागतात. चांगली चालू आहे ना गाडी?’

‘चालू आहे. पण आतून काय म्हणतेय ते...’

‘श्रीधरदा, एक दिवस तरी तिचं ऐकू नका.’

ते हसले. मग त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, इकडे तिकडे टेकवून पाहिला, मान हलवली, आणि बोनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चारला निघालो. मेल संध्याकाळची, अंतर तासाभराचंही नाही, पण मी नेहमी दुप्पट वेळ धरते. निघताना माझ्या यादीप्रमाणे मी विचारलं, ‘हत्यारांची पिशवी गाडीत ठेवली?’ श्रीधरदा म्हणाले, ‘आज ती सुट्टीवर आहेत.’ देवापुढे मांडलेली! हे मागे हौद्यात पेट्यांवर बसले, मी पुढे. आकाश पतंगांनी भरलं होतं, गच्च्यांवरून पतंग कापल्याचं ‘भो-काट्टा’ चाललं होतं. चौरंगी पार केली, स्ट्रँड रोडला लागलो, पूल समोर दिसायला लागला, आणि इंजिनाने दोन उचक्या दिल्या, मग तिसरी, आणि गाडी शांत झाली.

मी किती बोलले ते सगळं आठवत नाही, हे बरंच आहे. एवढं आठवतं की रस्त्यावर टॅक्सी नव्हती. होत्या त्या हार घालून कडेला उभ्या, आत ड्रायव्हर नाही. हमालही नव्हते. श्रीधरदा बोनेट उघडून उभे होते आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. मग माझ्याकडे न बघता ते यांना म्हणाले, ‘चौथी पेटी काढता का खाली?’

फुटपाथवर सुंभ कापला. लाटणं वरच होतं. यांनी स्टार्टर दाबला, इंजिन नुसतं घुरघुरत फिरलं, श्रीधरदांनी डोळे मिटून लाटणं टेकवलं, एका जागी, दुसऱ्या जागी. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. ‘फीड पंप,’ ते म्हणाले. ‘टाकीतून डिझेल वर ओढणारा छोटा पंप. त्याची टकटक यायला हवी, येत नाही. आतला पडदा फाटलाय.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग वरून पाजायचं. डबा टपावर, नळी खाली. पण नळी सोडवायला पाना पाहिजे.’

समोरच एका गोदामाच्या दारात कामगारांची पूजा चालली होती. विश्वकर्म्याची मूर्ती, हत्तीवर बसलेली, आणि तिच्यापुढे सगळ्या मापांचे पाने, चकचकीत पुसून, ओळीने मांडलेले. श्रीधरदा तिथे गेले, मी मागोमाग. एक म्हातारा मिस्त्री होता, त्याने हात जोडले. ‘आज होबे ना, दादा.’ आज नाही जमणार. श्रीधरदांनी मान डोलावली. त्यांना ते पटत होतं, हेच मला असह्य झालं. मी तिथेच उभी राहून मराठीत म्हणाले, ‘माझे वडील तिथे...’ श्रीधरदांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या मिस्त्रीला बंगालीत हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मला त्यातला ‘बाबा’ एवढाच शब्द कळला. त्यांनी मूर्तीला नमस्कार केला आणि ओळीतल्या एका पान्याकडे हात नेला. म्हाताऱ्याने तो हात धरला. मग स्वतःच वाकून पाना उचलला, शेंदूर आपल्या धोतराला पुसला आणि श्रीधरदांच्या हातात ठेवला. काय म्हणाला ते मला श्रीधरदांनी नंतर सांगितलं. म्हणाला, मी दिलाय, तू उचललेला नाहीस.

पुढचं काम वीस मिनिटांत झालं. नळी आमच्या गॅसच्या शेगडीची, तीही चौथ्या पेटीतलीच. तिचं टोक फिल्टरला बांधलं, दुसरं मागे ठेवलेल्या डिझेलच्या डब्यात. नळीतली हवा काढताना डिझेल त्यांच्या सदराभर उडालं. डबा बांधायला दोरी पुरेना, तेव्हा हे, बँकेचे अधिकारी, परीटघडीच्या पॅन्टीत केबिनच्या टपावर चढून बसले आणि डबा मांडीत धरून सबंध हावडा पूल ओलांडला. पुलावरची माणसं टाळ्या वाजवत होती. वर पतंग कापले जात होते. मी पुढे बसून घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात एकेक वाक्य तयार करत होते.

मेल सुटायला बारा मिनिटं होती. पेट्या चढल्या. श्रीधरदा खिडकीशी आले, हात काळे, कपाळावर कुणीतरी लावलेला शेंदूर आणि त्यावर तेल. लाटणं त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. ‘काल दिलं असतंत तर कालच कळलं असतं,’ हे वाक्य ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते, उत्तरही तयार होतं. ते म्हणाले, ‘पेटीत घाईने टाकू नका, टोक ओलं आहे.’ एवढंच. आणि मी, सहा वर्षं त्यांच्या घरात राहिलेली बाई, त्यांना शेवटचं काय बोलले? ‘आता तरी ही गाडी विका.’

वडिलांना मी पोचल्यावर चार दिवस बोलता येत होतं. आवाज इतका बारीक की त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसावं लागे. मला काही सांगायचं होतं ते राहिलं, कारण त्यांनाच सांगायचं होतं. त्यांनी एक यादी सांगितली. हे वळण मला त्यांच्याकडूनच आलेलं आहे. आपल्या मागे काय काय करायचं ते त्यांनी एकेक करून सांगितलं आणि मी लिहून घेतलं : कोणती पुस्तकं शाळेला द्यायची, कोणत्या विद्यार्थ्याची माफी मागायची राहिली आहे, अंगणातल्या लिंबाला कधी पाणी घालायचं. अकरा कलमं झाली. बारावं सुरू केलं आणि शब्द उमटेनासे झाले. मी कितीतरी वेळ कान लावून बसले... पाचव्या दिवशी आवाजच गेला. पुढे ते दीड महिना होते.

एक दिवस जरी उशीर झाला असता तर किती कलमं मिळाली असती, याचा हिशोब मी अनेकदा केलेला आहे. श्रीधरदांना मी काय कळवलं? नागपूरहून एक कार्ड टाकलं. त्यातही आकडे घातले. एक, सुखरूप पोचलो. दोन, वडिलांची प्रकृती गंभीर. तीन, पेटी चारमधली एक बरणी फुटली. त्यांचं उत्तर आलं, बरणीबद्दल दिलगीर आहे. नंतरच्या पाच वर्षांत दिवाळीची पत्रं गेली-आली. त्या चार दिवसांचं मी कधी लिहिलं नाही, कारण ते लिहायचं तर त्याच्या आधी आदल्या संध्याकाळचं लिहावं लागलं असतं.

सुमतीवहिनींच्या पत्रात पुढे असं आहे. ‘गाडी अंगणातच आहे. विकणार नाही, तू रागावलीस तरी. आता विश्वकर्मा पूजा येईल. यंदा हत्यारं मीच मांडणार आहे. तू गेल्यापासून दर वर्षी हे हातोडी आणि पान्यांच्या मधे वीतभर जागा सोडायचे. पहिल्या वर्षी मी विचारलं, इथे काय? तर म्हणाले, यादीबाईंचं लाटणं. आणून ठेवता येणार नाही, त्या वापरत असतील. मी म्हटलं, मागवून घ्या. तर म्हणाले, छे, पेटी उघडायला लावायची म्हणजे...’

म्हणजे ते विसरले नव्हते. आणि म्हटलंही नव्हतं.

परवा मी लाटणं काढलं. आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप हल्ली कुरकुर करतो. खाली गेले, एक टोक पंपावर टेकवलं, दुसरं कानामागे. रखवालदार म्हणाला, ‘बाई, हे काय करता?’ मी त्याला हाताने गप्प केलं. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच केलं. नुसत्या कानाला नुसती घरघर होती. लाटण्यातून मात्र त्या घरघरीच्या आत एक वेगळा, खरखरणारा आवाज येत होता, अगदी स्पष्ट. काय बिघडलंय ते मला सांगता येणार नाही. पण काहीतरी सांगितलं जात होतं.

हे इथवर लिहून झालं आणि लाटणं पार्सलने गेलं. पूजेच्या आत पोचेल, असं पोस्टातल्या माणसाने सांगितलंय. सोबत पत्र आहे, त्यात एकही आकडा नाही. आदली संध्याकाळ आहे, चार दिवस आहेत, अकरा कलमं आहेत. शेवटी मात्र स्पष्ट लिहिलं आहे, की लाटणं माझं आहे, पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकावं, शेंदूर पुसू नये. वर्षभराच्या कामांच्या वहीत सप्टेंबरच्या पानावर एक कायमची नोंद केली : लाटणं कलकत्त्याला पाठवणे. ऑक्टोबरच्या पानावर दुसरी : परत आलं का पाहणे.

‘आणि मधले दिवस?’ यांनी विचारलं.

मधले दिवस आमच्याकडे भात.